फरिश्त्यांचा उन्हाळा

पितांबर चौधरीला जनावरांतलं सगळं कळतं, ही गोष्ट अख्ख्या जळगावात दोघांना पक्की ठाऊक होती. एक स्वतः पितांबर, आणि दुसरी त्याची चुलती झुंबरकाकू, जिला डोळ्यांनी फारसं दिसत नसे.

बैलाचा दात बघून तो वय सांगायचा. म्हशीनं दूध चोरलं तर तिची समजूत घालायचा. शेजारच्या नजीर टांगेवाल्याच्या घोड्याला त्यानं एकदा असा काढा पाजला होता की घोडा थेट पाळधीपर्यंत न थांबता पळाला! नजीरला त्या दिवशी जायचं होतं स्टेशनवर, पण ती गोष्ट वेगळी.

पोटासाठी मात्र पितांबर कापसातली सरकी काढायच्या एका जिनात कारकुनी करी, आणि तीही हंगामी. कापसाच्या गाड्या यायला लागल्या की नोकरी सुरू, गाड्या थांबल्या की बंद. मग चैत्र लागला की बायको तानुबाई आणि झुंबरकाकू यांना घेऊन तो सोनगीरला सासुरवाडीला जाऊन राही. सासरे उखर्डू आबा स्वभावानं चांगले. जावयाला त्यांनी कधी कमी केलं नाही. पण रोज ताटावर बसलं की मुलीला सांगत, "वाढ वं तानू, जवाईले वाढ. आते हंगाम बंद शे त्याना." एवढं ऐकलं की पितांबरच्या घशात घास फिरायचा. आबांच्या मनात काही नसे, हे तर आणखीच वाईट.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. जिनाचे मॅनेजर सोराबजी साहेब पाचगणीला निघाले होते. परत आल्यावर दोन हंगामी कारकुनांपैकी एकाला ते बारमाही करणार होते. एक पितांबर, दुसरा त्याच्याच भावकीतला बन्सीलाल. निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावून विचारलं की आमच्या बाईचे मासे महिना-दीड महिना कोण सांभाळील. बन्सीलालनं आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. पितांबर पुढं सरसावला.

"मासे ना साहेब? ते भुंकत नाहीत, लाथ मारत नाहीत. द्या माझ्याकडे!"

साहेब म्हणाले, बरं, आल्यावर तुझं बघू. पितांबर घरी आला तो बारमाही झाल्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी नजीरच्या टांग्यातून काचेची पेटी आली. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, तळाला वाळू, हिरवं शेवाळ. पेटी पितांबरनं मांडीवर धरलेली आणि घोडा पावलापावलानं चाललेला, म्हणून रस्त्यातली पोरं मागं लागली. पेटीत दोन मोठे मासे होते. पतंगासारखे चपटे, रुपेरी अंगावर काळे पट्टे, खालीवर लांब लांब दोरे सुटलेले. राजा आणि राणी. त्यांच्या आजूबाजूला बोटाच्या पेराएवढ्या चिमुकल्या माशांचा नुसता बुजबुजाट.

साहेबांच्या बाई, मेहेरबाई, स्वतः सांगायला आल्या होत्या. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात यांना घालायचं नाही. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. डबीतली पूड रोज चिमूटभर. "आने हे जे लहान लहान हाय ना," त्या पुढं सांगू लागल्या, तोच पितांबरनं हात जोडले.

"बाईसाहेब, मला काय सांगता? जन्म गेला माझा जनावरांत. एकूण एक मासा जसाच्या तसा तुमच्या हवाली करीन."

मेहेरबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. गाडीची वेळ झाली होती. त्या गेल्या.

तानुबाईचं घर माळकरी. माशाचं नाव काढलं तरी ती चूळ भरायची. पण मेहेरबाई त्या दोघांना एंजल म्हणत होत्या, आणि एंजल म्हणजे फरिश्ते, देवाचे दूत, असं नजीरनं समजावून सांगितल्यावर तिनं पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि देवाच्या कोनाड्याशेजारी जागा दिली. देवाचे दूत म्हणजे शाकाहारी असणार, यात कुणाला शंका वाटायचं कारण नव्हतं. तिचं खरं दुःख वेगळं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी जातात, झोका खेळतात, आणि तिला या माशांपायी यंदा सोनगीर बंद. पण नवऱ्याच्या ताटात वाढताना बापाचं ते वाक्य तिलाही नको झालं होतं, म्हणून ती गप्प बसली.

चार-सहा दिवस बरे गेले. मग पितांबरला वाटू लागलं की पेटीत जरा मोकळं मोकळं दिसतंय.

आधी त्यानं डोळे चोळले. मग काच पुसली. मग चिमुकले मासे मोजायला बसला, पण ते एका जागी ठरतील तर ना! आणि मुळात किती होते हे त्यानं मोजून घेतलंच नव्हतं. तरी कमी झाले होते हे नक्की. एकूण एक मासा जसाच्या तसा, असं आपणच बोललो होतो.

संशय पहिल्यांदा आळीतल्या मांजरीवर गेला. त्यानं पेटीवर फळी टाकली, फळीवर पाटा ठेवला आणि पाट्यावर वरवंटा. मासे कमी होतच राहिले. मग तो दिवसभर पेटीसमोर पाट मांडून बसू लागला. तो बसला की आत सगळे गुण्यागोविंदानं फिरत. राजा-राणी तर अशा संथपणे तरंगत की बघणाऱ्याचे हात आपोआप जोडले जावेत. तो जेवायला उठला, परत आला, की पुन्हा मोकळं मोकळं. त्याला घास जाईना. बन्सीलाल एकदा सहज डोकावून गेला आणि जाताना म्हणाला की पेटी मोठी वाटतेय रे आता. तेव्हापासून पितांबरला झोपही येईना.

झुंबरकाकूनं निदान केलं की मासे उपाशी आहेत आणि भुकेनं विरघळतात. मेहरूणच्या तळ्यावर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, पुण्य लागतं, तसं घाल म्हणाली. पितांबरनं घातल्या. आळीत बातमी गेली की चौधरींकडे देवदूत उतरलेत, तळ्यापर्यंत पायपीट नको, पुण्य इथंच मिळतं. मग काय! सकाळ-संध्याकाळ बाया पदराखाली कणीक घेऊन यायला लागल्या. नाही म्हणावं तर पुण्याच्या आड येणं आलं. आखाजीच्या सकाळी पाहिलं तर पेटीतलं पाणी ताकासारखं झालेलं आणि राजा-राणी वर येऊन तोंडं उघडत होते.

पाणी बदलायला हवं, आत्ताच. मासे काढायचे कशात? घरातली सगळी भांडी पितळेची आणि तांब्याची, आणि ती तर चालत नाहीत. दाराशी कुंभाराकडून आणलेल्या दोन कोऱ्या घागरी होत्या. त्यानं एका घागरीत चांगलं पाणी भरून राजा-राणीला अलगद सोडलं, वर थाळी झाकली. चिमुकले मासे परसातल्या दगडी डोणीत ओतले. मग पेटी परसात नेऊन वाळू धुवायला बसला. विहिरीवर ही गर्दी! एकेक कळशी आणायची म्हणजे पाऊण तास.

आता, आखाजीला या भागात पितरांची घागर भरतात. कोरी घागर पाण्यानं भरून पुजायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवायचा. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवायचं. चौधरींच्या घरची रीत अशी की जेवण झालं की पितरानं ती घागर आपल्या घरी न्यायची. झुंबरकाकू दरवर्षी आपल्या नवऱ्याच्या, सुकदेव काकांच्या नावानं हे सगळं करी. घागर तिला भरलेली सापडली. सुनेनं भरून ठेवली म्हणून तिनं मनातल्या मनात सुनेला आशीर्वाद दिला, थाळी काढून ठेवली, सूत गुंडाळलं, कुंकू लावलं आणि तोंडावर गच्च बसेल असं डांगर ठेवून दिलं. तानुबाई तेव्हा चुलीपुढं पुरणपोळीत अडकली होती.

पितांबर भरलेली पेटी घेऊन घामाघूम होऊन घरात आला, तर दाराशी एकच घागर होती. कोरडी.

"दुसरी कुठं गेली काकू?"

"पितर लई गया ना," काकू शांतपणे म्हणाली.

"कोण पितर?"

"आपला बन्सी. पाच पोया खाद्या त्यानी. तुना काका जेवला नही कधी इतला."

साहेबांच्या बाईचे राजा-राणी, आणि तेही बन्सीलालच्या घरी! त्यानं डांगर उचललं की संपलं. पाचगणीला तार जायची आणि बारमाहीची जागा घागरीतूनच त्याच्या घरी पोचायची. बरं, घागर परत मागावी तर पितराच्या नावानं दिलेली वस्तू मागतात कुठं? आणि का मागतोस म्हणून त्यानं विचारलं तर? अनवाणीच तो रस्त्यावर धावला. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या फुफाट्यात त्याचे पाय कुठं पडत होते त्यालाच कळत नव्हतं.

पोस्टाच्या पुढच्या वळणावर बन्सीलाल दिसला. पोट सुटलेलं, खांद्यावर घागर, दुसऱ्या हातात छत्री. पितांबर म्हणाला की दमला असशील, दे मी घेतो. बन्सीलालनं घागर दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला की दिलेली घागर देणाऱ्यानं शिवू नये, काकूनं सांगितलंय. पितांबर म्हणाला, निदान हळू चाल, ऊन आहे. मग म्हणाला, सावलीत थांब. मग म्हणाला, पाणी पिऊ नकोस हं त्यातलं, पोट भरलेलं आहे तुझं. बन्सीलाल त्याच्याकडे संशयानं बघू लागला.

"घागरीत काय आहे रे?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. बुळुक्.

बन्सीलाल थबकला. घागर हलत नव्हती, तोही हलत नव्हता. पुन्हा, यावेळी जरा जोरात, बुळुक् बुळुक्. आतून घागरीच्या अंगावर काहीतरी हळूच घासत गेलं, ते त्याला खांद्याला जाणवलं. त्याच्या कपाळावरचा घाम एकदम थंड झाला. त्यानं घागर अगदी जपून लिंबाच्या झाडाखाली ठेवली आणि चार पावलं मागं सरला.

"पितांबर," तो हळू आवाजात म्हणाला, "काका शे घागरना मजार."

पितांबरनं नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. त्याचे डोळे डांगरावर खिळले होते. ते सरकलं तर सगळंच उघडं पडणार होतं. बन्सीलालला त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती दिसली, आणि त्याची उरलीसुरली शंका गेली.

मग बन्सीलालचं लक्ष आपल्या हातातल्या छत्रीकडे गेलं. ती छत्री सुकदेव काकांची होती. कुणाच्या तरी लग्नाला म्हणून त्यानं मागून नेली होती, मग काका वारले आणि छत्रीचा विषय कुणी काढला नाही. आज नेमकी तीच डोक्यावर धरून तो काकांना खांद्यावरून घेऊन चालला होता. त्यानं छत्री मिटली, घागरीपुढं ठेवली आणि उन्हात उघड्या डोक्यानं हात जोडले.

"काका, चुकनं मनं. पोया बी दोन जास्तीच्या खाद्या," तो म्हणाला. मग पितांबरला म्हणाला, "तुना काका, तूच लई जाय. माले ही घागर नको."

पितांबरनं घागर उचलली, काखेत छत्री मारली आणि मागं न बघता घर गाठलं. फरिश्ते जिवंत होते. त्यानं त्यांना पेटीत सोडलं, परसातले चिमुकलेही आणून सोडले, आणि त्या दिवशीचा पहिला घास खाल्ला. काकूनं छत्री हातानं चाचपली, ओळखली, आणि नवऱ्याला जेवण पावलं म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पितांबरला तिला काही सांगावंसं वाटलं नाही.

दिवेलागणीला सगळे पेटीसमोर बसले. स्वच्छ पाण्यात राजा संथ तरंगत होता. एक चिमुकला मासा त्याच्या तोंडासमोरून गेला. म्हणजे गेला असं वाटलं, पण पलीकडून काही निघाला नाही.

मग राणीनंही एक गिळला.

आखाजीच्या दिवशी, देवाच्या कोनाड्याशेजारी! तानुबाई उठून चूळ भरून आली. पेटीवरचं हळदकुंकू तिनं ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. पितांबरला मात्र एकाच वेळी संताप आला आणि हायसं वाटलं. चोर सापडला होता. आता उरलेले तरी वाचवायचे, मेहेरबाईंना तोंड दाखवायला जागा ठेवायची. त्यानं एकूण एक चिमुकला वेचून परसातल्या डोणीत नेऊन सोडला आणि वर गवताचं छप्पर घातलं.

त्या दिवसापासून घरातले सगळे जीव डोणीला लागले. तानुबाई ताटातलं आधी त्यांना घाली. डोणीत माशांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली, पाणी नुसतं वळवळू लागलं. राजा-राणीला मात्र शिक्षा होती. चिमूटभर पूड, कणकेची एक गोळी आणि एकादशीला काकूच्या मते भगर. ते रोडावत चालले. पतंगाचा कागद जाऊन कामट्या उरल्यासारखे दिसू लागले. पितांबरला त्यांच्याकडे बघून धडकी भरे, पण तो मनाची समजूत घाली की ऊन फार आहे आणि पश्चात्तापही असेल. डोणीकडे बघितलं की त्याला धीर येई. घेतले त्याहून जास्त परत करणार होता तो.

मृगाच्या आधी साहेब आले. मेहेरबाई टांग्यातून उतरल्या त्या थेट पेटीपाशी. बघून त्यांनी छातीवर हात ठेवला.

"अरे बावा, यांना काय झाला? हे तर मरायला टेकले!"

"त्यांचं सोडा बाईसाहेब," पितांबर म्हणाला. त्यानं छाती पुढं काढली होती. "हे दोघे खुनी आहेत. पण मी लहानांना वाचवलं. परसात चला."

त्यानं छप्पर काढलं. मेहेरबाई डोणीत वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी पितांबरकडे बघितलं, मग पुन्हा डोणीत.

"अरे डिकरा," त्या हताशपणे म्हणाल्या, "हे तर राजा-राणीचा जेवण. दीड महिन्याचा भरून दिला होता मी. तुला सांगत होते, तर तू हात जोडले!"

पितांबरला सोनगीर दिसू लागलं. ताट दिसलं, आबा दिसले, त्यांचं वाक्य ऐकू आलं. डोणीकाठी तानुबाई पदर तोंडावर धरून उभी होती. वाढून वाढून तिनं माणसासारखी पोसलेली पोरं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं वाढण होतं. बन्सीलाल कुंपणापाशी आला होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

सोराबजी साहेब मात्र डोणीच्या काठावर बसून हसत सुटले. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, दीड महिना मालक उपाशी मरतायत आणि तू कोठारातला एक दाणा खाऊ दिला नाहीस? पितांबरनं मान खाली घातली. साहेब म्हणाले, सरकीच्या गोदामातून दरवर्षी माल कुठं जातो मला कळत नाही. मला असाच एक अक्कलशून्य, पण राखणारा माणूस हवा होता. कारकुनी बन्सीलालला, आणि गोदाम तुला. बारमाही.

पितांबरनं साहेबांचे पाय धरले. अक्कलशून्य हा शब्द त्यानं ऐकला होता, पण त्याच्यापुढं बारमाही होता, म्हणून तो चालून गेला. पुढं सोनगीरच्या आबांनी मात्र वाक्य बदललं. "वाढ वं तानू, पण माशास्ना वाटा काढ आधी," असं ते म्हणू लागले, आणि ती गोष्ट सगळ्या आळीला माहीत झाली.

गोदामाच्या किल्ल्या घ्यायला गेला त्या दिवशी मेहेरबाईंनी त्याच्या हातात एक टोपली दिली. आत सरकीतल्या उंदरांसाठी म्हणून आणलेली करड्या रंगाची मांजर होती. हिची देखभाल पण तूच कर, त्या म्हणाल्या.

जनावरांत जन्म गेलेल्या पितांबरनं टोपलीत डोकावून पाहिलं. मग इकडंतिकडं बघितलं, बन्सीलाल ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि खालच्या आवाजात विचारलं,

"बाईसाहेब, ही काय खाते?"